पूर्णेच्या वाळूत चार दिवस

मी जालन्याला जाऊन आले असं पुण्यात सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी येते. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकाबाईंनी तर "मोगलाईत? आणि एकट्या?" असं म्हणत माझ्या दंडाला हात लावून पाहिला. मी अख्खी परत आले आहे ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. त्यांच्यासारख्यांसाठीच हे लिहिते आहे. महाबळेश्वर-लोणावळ्याची वर्णनं पुष्कळ झाली. जालन्याच्या उत्तरेला पूर्णा नावाची नदी आहे. फाल्गुनातल्या तिच्या काठासारखी जागा मी तरी दुसरी पाहिलेली नाही, आणि तिथे हवापालटाच्या नावाखाली कोणी खिसा कापत नाही.

पण खोटं कशाला बोलू, मी सहलीला गेलेच नव्हते. मी गेले होते धाकट्या बहिणीला घेऊन यायला. सुशी जालन्याला दिली आहे. तिचे यजमान माधवराव तिथे वकिली करतात. गेल्या श्रावणात त्यांची एकुलती एक मुलगी, कमल, तापाने गेली. जेमतेम साडेतीन वर्षांची होती. त्यानंतर सुशीची पत्रं आखडत गेली आणि शेवटी एक ओळ आली: ताई, तू ये, मी तुझ्याबरोबर येते. किती दिवसांसाठी ते तिने लिहिलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आईने माडीवरची खोली सारवून घेतली, तिथे गादी घालून ठेवली आणि मला सांगितलं, "तिला घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. त्या गावात राहिली तर तीही जाईल."

मला आईचं पटलं होतं. लेकरू जिथे गेलं त्या घरात बाईने का राहावं, असं मी गाडीत बसतानाही स्वतःशी म्हणत होते.

मनमाडच्या पुढे

मनमाडला गाडी बदलावी लागते. तिथून निजामाची रेल्वे. डबे लहान, रूळ अरुंद, पण गर्दी कमी आणि माणसं बोलकी. वाटेत करोडगिरीचे लोक येऊन सामान उघडून पाहतात. आपल्याकडे जकात असते तसंच ते. माझ्या ट्रंकेत पातळं, सुशीसाठी मेतकूट आणि सर्वांत वर कागदात गुंडाळलेली साखरेची गाठी होती. पाडवा जवळ आला होता आणि पुण्याच्या गाठीची सर दुसऱ्या कुठल्या गाठीला नाही, अशी आमच्या आईची समजूत आहे. तपासणारे गृहस्थ म्हातारे, पांढऱ्या दाढीचे होते. त्यांनी कागद उकलला, हसले आणि म्हणाले, "बाई, होली तो हो गई. अब ये किसके लिए?"

या माणसाला आपले सण काय ठाऊक असणार, असं मनात म्हणत मी त्यांना पाडव्यावर छोटंसं व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कागद होता तसा गुंडाळून दिला आणि ट्रंक स्वतः बंद केली. शिकवायची सवय वाईट असते, ती शाळेबाहेरही सुटत नाही.

जुना जालना

जुन्या जालन्यातल्या गल्ल्या अरुंद. एका बाजूला धान्याच्या अडती, दुसऱ्या बाजूला कापडाची दुकानं, आणि त्यांच्या मधून बैल, हमाल, बुरख्यातल्या बाया आणि वकिलांचे टांगे असं सगळंच एकदम चाललेलं. सुशीचं घर अशाच एका गल्लीत वरच्या मजल्यावर आहे. ती दारात उभी होती. मी तिला मिठी मारली तर हाताला नुसती हाडं लागली. रडेल असं वाटलं होतं, ती रडलीही नाही. "चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग माझ्या हातून घोटाळा झाला. ट्रंक उघडून मी एकेक वस्तू बाहेर काढू लागले आणि गाठी हातात उंच धरून म्हणाले, "ही बघ आईने पाठवलेली." सुशीने गाठीकडे पाहिलं, हातातली कपबशी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं.

माधवराव खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, इकडे गाठी पाडव्याची नसते नुसती. इकडे होळीला लेकरांच्या गळ्यात घालतात. सगळ्या गल्लीतली पोरं गाठ्या घालून फिरून राह्यली होती तवा ही चार दिवस खिडकी लावून बसली होती."

म्हणजे करोडगिरीच्या त्या म्हाताऱ्यांना बरोबर ठाऊक होतं आणि मलाच ठाऊक नव्हतं. मी गाठी ट्रंकेच्या तळाशी लपवली.

रात्री जेवणानंतर माधवरावांनी स्वतःच विषय काढला. माधवराव उंच, किडकिडीत आणि अबोल. कोर्टात ते उर्दूत तासभर बोलू शकतात म्हणे, घरात मात्र एक वाक्य बोलायचं तर आधी घसा खाकरतात. त्यांना सगळं माहीत होतं. "न्यायचं तर न्या, ताई," ते म्हणाले, "मी बिलकुल आडवा येणार न्हाई. पण पाडव्याआधी चार दिवस मला द्या. पूर्णेकाठी माझं आजोळ. लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिथं गेल्या. हिला तिथली हवा लागू द्या. मंग ती म्हणेल तसं."

मी सुशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "चार दिवसांनी काय होणार आहे? चला." नाही म्हणायलाही जोर लागतो, तो तिच्यात नव्हता.

राजूर

राजूरपर्यंत मोटार जाते. मोटार म्हणजे काय, हे विचारू नका. माणसं, कोंबड्या आणि तेलाचे डबे यांच्यात कुठे कोण संपतं ते कळत नव्हतं. माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईंनी आपलं गाठोडं ठेवलं आणि राजूर येईपर्यंत ते माझंच असल्यासारखं मी सांभाळलं. पुण्यात कोणी असं केलं असतं तर मी काय बोलले असते ते मला माहीत आहे. इथे त्या बाईंनी उतरताना माझ्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले आणि निघून गेल्या.

राजूरचा गणपती उंचावर आहे. भोवती नारळाची, फुलांची, शेवेची दुकानं. माधवराव आणि मी वर गेलो. सुशी खाली एका दुकानाच्या सावलीत बसून राहिली. "तुम्ही जाऊन या," एवढंच म्हणाली. या गणपतीला कमलसाठी तिने नवस बोलला होता हे मला वर जाताना कळलं. मी देवापुढे हात जोडले, पण काय मागावं ते कळेना. हिला माझ्याबरोबर सुखरूप पाठव, हे मागायला मी उभी होते, आणि शेजारी माधवराव डोळे मिटून उभे होते. ते काय मागत असतील हे उघड होतं. एकाच देवाकडे दोघांनी उलट मागणं मागायचं, याची मला लाज वाटली. मी काहीच न मागता खाली उतरले.

तिथे आसाराम पाटील दमणी, म्हणजे पडद्याची छोटी बैलगाडी, घेऊन आले होते. हे माधवरावांचे लहानपणचे मित्र; आजोळच्या घरी आता कोणी उरलं नव्हतं म्हणून उतरायचं यांच्याकडेच. गावची पाटीलकी त्यांच्याकडे. अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून भरलेले. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि वकीलसाहेबांच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांचा चष्मा नाकावर आला. गावापर्यंतचा रस्ता काळ्या रानातून जातो. गहू कापणीला आला होता, मधूनच आंब्याचा मोहोर वास देऊन जाई, आणि बांधाबांधावर पळस असा पेटला होता की सुशीनेसुद्धा एकदा दमणीचा पडदा बाजूला करून पाहिलं. उत्तरेला लांबवर अजिंठ्याच्या डोंगराची निळी रेघ दिसते. ती रेघ पुढचे चारही दिवस आमच्यासोबत होती.

पूर्णाकाठ

पाटलांकडे पहिल्याच जेवणात मी हरले. येसराची आमटी नावाचा प्रकार इकडे करतात. धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ घालून केलेली तांबडीलाल आमटी. मी पहिला भुरका मारला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पाटलीणबाई धावत दही घेऊन आल्या. त्यांना मी सांगितलं, आमच्याकडे आमटीत गूळ घालतात. त्या माझ्याकडे कीव करून पाहत राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणून ताई इतक्या बारीक हाईत." मी तिसऱ्या दिवशी मात्र ती आमटी मागून घेतली, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर गेलो. नदी म्हटल्यावर पुणेकराच्या डोळ्यांपुढे मुळा-मुठेचं गढूळ पाणी येतं. पूर्णा फाल्गुनात अर्धी वाळू आणि अर्धी पाणी असते. दोन्ही काठ काळ्या मातीचे, उंच. खाली पांढरीशुभ्र वाळू, तिच्यातून गुडघाभर पाणी नितळ वाहतं, तळाचा खडा न् खडा दिसतो. पाणी प्यायला मात्र त्या वाहत्या धारेतलं घेत नाहीत. बायका वाळूत हाताने खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. गढूळ पाणी दोनदा काढून टाकलं की खालून थंडगार, गोड पाणी पाझरतं, ते वाटीने हंड्यात भरायचं. मीही एक झिरा खणला. माझ्या झिऱ्याच्या कडा सारख्या आत ढासळत होत्या आणि तिथल्या पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग त्या पोरींनी पोहणं दाखवलं. वाळलेले पोकळ भोपळे कमरेला बांधून त्या डोहात उतरतात. मलाही आग्रह झाला. भोपळा बांधायच्या आधीच माझा पाय शेवाळावर पडला आणि मी नऊवारीसकट पूर्णेत बसले. पाणी फार नव्हतं, पण माझ्या ओरडण्याने एक खंड्या झाडावरून उडाला आणि पलीकडच्या काठावरची गुरं थबकली. मान वळवून पाहिलं तर माधवराव तोंड फिरवून खांदे हलवत होते आणि सुशी... सुशीच्या ओठांचा एक कोपरा वर गेला होता. तेवढ्यासाठी मी आणखी दोनदा पडायला तयार होते.

दुपारी पाटलांनी रानात ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला. काट्याकुट्यांचा जाळ, त्यावर हरभऱ्याचे डहाळे, आणि जाळ विझला की राखेतून घाटे वेचून खायचे. सगळ्यांचे हात आणि तोंडं काळी. सुशीने चार घाटे खाल्ले आणि आडवी झाली. पळसाच्या सावलीत ती झोपली ती थेट ऊन उतरेपर्यंत. माधवराव तिच्यापासून जरा लांब, तिच्या तोंडावर ऊन येऊ नये अशा बेताने छत्री धरून बसले होते.  रात्री अंथरुणावर पडल्यावर, मी इथे कशासाठी आले आहे, याची मला स्वतःला आठवण करून द्यावी लागली.

कडूबाईची वाडी

तिसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या पात्रातूनच वर चालत गेलो. तासभराच्या चालीवर पात्र फार रुंद होतं आणि तिथे वाळूत खरबुजांच्या वाड्या लागतात. पाणी उतरलं की भोई लोक वाळूत खड्डे करतात, तळाशी शेणखत घालतात आणि बी टाकतात. वारा आणि उडती वाळू अडवायला झाऊ नावाच्या नदीकाठच्या झुडपाच्या फांद्यांचं कुंपण. आम्ही गेलो तेव्हा वेल चहूकडे पसरले होते आणि वाडीत शिरण्याआधीच पिकलेल्या खरबुजांचा वास आला. असा गोड वास मला मंडईत कधी आलेला नाही.

वाडी राखायला कडूबाई होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, हातात विळा. नवरा मासे धरायला गेला होता. माधवरावांना त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. "वकीलसाहेब झाला पण चाल तीच राह्यली," म्हणाल्या आणि आम्हाला झोपडीच्या सावलीत बसवलं. दोन खरबुजं आणली, गुडघ्यावर आपटून फोडली. समोर एक मातीची परळ ठेवली. मी पैसे काढायला लागले तर माधवरावांनी डोळ्यांनी दटावलं. वाडीत बसून खाल्लेल्या फळाचे पैसे घेत नाहीत, विकत न्यायचं तेच फळ पैशाचं. मला हे फार आवडलं. आमच्या मंडईत नुसती फोड चाखली तरी बागवान पुढे हात करतो.

खाता खाता मी पाहिलं, सुशीने आपल्या फोडीतला बियांचा गर काढून हातात घेतला होता. माझ्या फोडीतला घेतला, माधवरावांच्या फोडीतलाही घेतला. मग उठली, पाण्याच्या धारेपाशी बसली, ओंजळीत त्या बिया चोळचोळून धुतल्या आणि पदराच्या टोकात गाठ मारून बांधल्या.

आमच्या घरात जन्मलेल्या कुठल्याही बाईचे हात हेच करतील. खरबुजाची बी टाकायची नसते. ती धुवायची, वाळवायची, दुपारी बसून सोलायची, आणि मगज बर्फीसाठी डब्यात भरून ठेवायचा. आईने आम्हाला हे वरणभाताबरोबर शिकवलं आहे. पण सुशीने घरासाठी काही राखून ठेवलं असेल असं तिच्या घरातल्या डब्यांकडे पाहून मला वाटत नव्हतं. लोणचं नव्हतं, पापड नव्हते, मसाल्याचा डबा रिकामा. म्हणून पदराच्या त्या गाठीकडे पाहून माझा जीव एकदम भांड्यात पडला. नंतर लगेच वाटलं, ती हे कुठल्या घरासाठी बांधते आहे? पुण्याच्या की जालन्याच्या?

त्याच वेळी कडूबाई काहीतरी बोलायला पुढे झाल्या होत्या. माधवरावांनी त्यांच्याकडे पाहून किंचित मान हलवली. त्या थांबल्या, रिकामी परळ उचलून झोपडीत घेऊन गेल्या. मला त्याचा अर्थ कळला नाही.

तो कळला संध्याकाळी. सुशीने पाटलांच्या अंगणात सूप मागून घेतलं आणि त्यावर बिया पसरल्या. पाटलीणबाई आल्या, सुपाकडे पाहिलं आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. "ह्या कोणाच्या वाडीतल्या?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. वाडीत कुणीही यावं, पोटभर खावं, पैसा नाही. पण बी मात्र परळीत टाकायचं. पुढच्या साली तेच बी लावायचं असतं. गोड फळ पाहुण्याला देतात ते त्यासाठीच, म्हणजे गोड फळाचं बी राहतं. खाणाऱ्याने द्यायचं ते एवढंच, आणि ते कोणी नेत नाही.

सुशीचं तोंड उतरलं. ती सूप हातात घेऊन ओसरीवर आली. माधवराव तिथे कंदील पुसत बसले होते.

"तुम्हाला हे ठाऊक होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मग बोलला का नाहीत? त्या बाईला काय वाटलं असेल?"

त्यांनी कंदील खाली ठेवला, घसा खाकरला. "श्रावणापासून तू घराकरता काही बांधून घेतलेलं मी पाह्यलं न्हाई. आज पहिल्यांदा बांधून घेऊन राह्यली होती. मला ते सोडायला सांगवलं न्हाई."

 सुशी खाली बसली, सूप मांडीवर घेतलं आणि रडायला लागली. मी जालन्याच्या दारात ज्या रडण्याची वाट पाहिली होती ते आता आलं. हमसून हमसून, आवाज करून, कमलचं नाव घेऊन ती रडली. मी उठायला लागले तेव्हा पाटलीणबाईंनी माझा हात धरून मला आत नेलं. दोघांना तिथेच राहू दिलं. त्यांचं बरोबर होतं आणि मी उगाच थोरलेपणा करायला निघाले होते.

परत वाडीवर

चौथ्या दिवशी आम्ही डोंगराकडे जाणार होतो, पाटलांनी बैल धुऊन तयार ठेवले होते. सुशी सकाळीच अंघोळ करून, पदराला बिया बांधून उभी. म्हणाली, "आधी वाडीवर. मी स्वतः देणार." डोंगर राहिला तो राहिलाच. अजिंठ्याची लेणी पाहायची माझी कधीची इच्छा, आणि मी त्या डोंगराची निळी रेघ पाहून परत आले. मला त्याचं काही वाटत नाही.

या वेळी सुशी पुढे चालत होती आणि आम्ही दोघं मागे. कडूबाई वेलांवरची वाळू झटकत होत्या. सुशीने गाठ सोडून बिया त्यांच्या पुढे धरल्या आणि म्हणाली, चुकलं, मला ठाऊक नव्हतं. कडूबाई म्हणाल्या, त्यात काय मोठं, वकीलसाहेबांनी मान हलवली म्हणून मी गप बसले. त्यांनी परळ आणली, आम्हाला पुन्हा बसवलं.

मग दोघी बोलत बसल्या. म्हणजे कडूबाई बोलत होत्या आणि सुशी विचारत होती. तिने आधी विचारलं ते नावाबद्दल. कडू हे काय नाव? कडूबाईंनी सांगितलं, त्यांच्या आधीची चार भावंडं गेली. पाचव्या खेपेला आईने मुद्दाम असं नाव ठेवलं, म्हणजे कुणाची नजर जाऊ नये, कुणाला गोड वाटू नये. या भागात दगडू, धोंडू, कडू अशी नावं पुष्कळ ऐकू येतात आणि मी पहिले दोन दिवस त्यांना मनातल्या मनात हसत होते. आता मान खाली घालून बसले.

सुशीने विचारलं, "पाऊस आला की ह्या वाडीचं काय होतं?"

"काय व्हायचं? पूर येतो, सगळं घेऊन जातो. खड्डे बी जातात, झोपडी बी जाती. मंग वाळू वर आली की पुन्हा खड्डे."

"दरसाल?"

"दरसाल. तवा रडून घेतो थोडं," कडूबाई हसून म्हणाल्या, "मंग पौष येतो."

त्यांनी बिया दोन्ही हातांनी चाळल्या. अर्ध्या परळीत टाकल्या. उरलेल्या सुशीच्या पदरात परत घातल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या तुमच्या. पौषात वाळू उघडी पडली की घेऊन या. त्या झाऊपाशी दोन खड्डे तुमच्यासाठी करून ठेवते. पण स्वतः या. दुसऱ्याच्या हातानं लावलेलं तुमचं कसं म्हणावं? पौषात इथंच असाल ना?"

कडूबाईंना पुण्याचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सहज विचारलं होतं. माधवराव वाळूत पायाच्या अंगठ्याने रेघा काढत होते, ते थांबले.  आईने सारवलेली खोली माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला मनापासून वाटलं की ती खोली रिकामीच राहावी.

सुशीने पदराची गाठ मारली, दाताने घट्ट ओढली. मग म्हणाली, "असेन."

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती. माधवराव उठले आणि उगाच धारेपर्यंत जाऊन तोंड धुऊन आले.

निघताना कडूबाईंनी एक जरा कच्चट खरबूज माझ्या हातात दिलं. पुण्याला पोचेपर्यंत पिकेल म्हणाल्या. मी या खेपेला पैसे काढले नाहीत.

पाडवा

पाडव्याला आम्ही जालन्यात होतो. सकाळी सुशीने मला विचारलं, "ती गाठी कुठे लपवलीस?" मी ट्रंकेच्या तळातून काढून दिली. तिने ती गुढीला बांधली. संध्याकाळी गुढी उतरल्यावर ती गाठी घेऊन जिन्यात बसली, एकेक साखरेचं पदक मोडलं आणि गल्लीतल्या पोरांना हाका मारल्या. पोरं आली. एका चिमुरडीला तिने मांडीवर घेतलं, तिचे केस सारखे केले. डोळे भरले होते, पण ती उठून आत गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी निघाले. स्टेशनवर माधवराव काही बोलायला तोंड उघडत होते आणि मिटत होते. शेवटी म्हणाले, "आईंना काय सांगाल?" मी म्हणाले, ते माझ्यावर सोडा. गाडी सुटल्यावर मात्र माझी पंचाईत झाली. मनमाडपर्यंत मी नाना वाक्यं जुळवली आणि एकही धड जमेना. करोडगिरीचे ते म्हातारे पुन्हा भेटतील तर त्यांना विचारावं असं वाटलं, पण या खेपेला दुसरेच कोणी होते.

घरी पोचले तेव्हा आई दारातच होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे, टांग्याकडे. टांगा रिकामा होता.  मी जुळवलेलं सगळं विसरले आणि पिशवीतलं खरबूज काढून तिच्या हातात दिलं. वाटेत ते खरंच पिकलं होतं, घरभर वास सुटला.

ती विळी घेऊन बसली आणि मी समोर बसून सगळं सांगितलं. सूप, परळ, कडूबाईचं नाव, झाऊपाशी ठेवलेले दोन खड्डे. आई ऐकत होती आणि तिचे हात आपलं काम करत होते. बी काढलं, ताटलीत घेतलं, धुतलं. माझं सांगून झालं तेव्हा तिने ताटलीतलं पाणी निथळवलं. मला वाटलं आता रागवेल, माडीवरच्या गादीचं काहीतरी बोलेल.

तिने बिया गच्चीत फडक्यावर पसरल्या. मग चार-पाच दिवस एक गोष्ट घडली नाही, ती आमच्या घरात आजवर कधी न घडता राहिली नव्हती. दुपारी कोणी बी सोलायला बसलं नाही. काल मी पाहिलं तर ते फडकं पुरचुंडी करून देवळीत ठेवलेलं होतं. मी विचारलं, याचा मगज नाही काढायचा?

"तो कसा काढायचा?" आई म्हणाली. "वाडीचं आहे ना ते. पौषात मी जाऊन देईन."

माझी आई आजवर दौंडच्या पुढे गेलेली नाही.